गर्भाशयमुखाचा कर्करोग: स्क्वॅमस की स्मॉल सेल?

कर्करोगाचं निदान झालं की घरचे पहिलं विचारतात ते स्टेज कोणती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तितक्याच तातडीने आणखी एक गोष्ट विचारायला हवी: पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत? बहुतेक वेळा उत्तर ‘स्क्वॅमस’ (पृष्ठभागावरच्या चपट्या पेशींचा) असं येतं. शंभरात एखाद-दुसऱ्या बाईच्या रिपोर्टवर मात्र ‘स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा’ (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींशी साम्य असलेल्या लहान पेशींचा कर्करोग) लिहिलेलं असतं, आणि मग पुढचं सगळं नियोजन बदलतं.

लक्षणांवरून दोघांत फरक करता येत नाही. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव होणं, दुर्गंधीयुक्त पांढरं जाणं, हे दोन्हींत दिसतं. दोन्हींच्या मुळाशी बहुधा एचपीव्ही हा लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणूच असतो. स्क्वॅमसमध्ये १६ क्रमांकाचा प्रकार सर्वाधिक आढळतो, स्मॉल सेलमध्ये १६ आणि १८ हे दोन. एचपीव्हीची लस विषाणूच्या या दोन्ही प्रकारांविरुद्ध काम करते, म्हणून मुलींना ती वेळेवर द्यावी असं मी आग्रहाने सांगेन.

खरा फरक वेगाचा आहे. स्क्वॅमस कर्करोग होण्याआधी पृष्ठभागावरच्या पेशी हळूहळू बिघडतात. यात सहसा कित्येक वर्षं जातात, त्यामुळे पॅप तपासणीत (गर्भाशयमुखाच्या पेशी हलकेच खरवडून तपासतात ती) तो आधीच सापडू शकतो. स्मॉल सेलमध्ये अशी ओळखता येणारी पूर्वावस्था सहसा मिळतच नाही. गाठ पृष्ठभागाखाली वाढत असेल तर पॅप नॉर्मलही येतो. म्हणून ‘पॅप नॉर्मल होता’ एवढ्यावर रक्तस्राव अंगावर काढू नये. स्क्वॅमस आधी आजूबाजूच्या भागात आणि लसिकाग्रंथींत पसरतो. स्मॉल सेल मात्र रक्तावाटे लवकरच फुप्फुस, यकृत, हाडं, मेंदू गाठू शकतो.

सूक्ष्मदर्शकाखाली स्मॉल सेलच्या पेशी लहान, एकमेकींना चिकटून दाबलेल्या दिसतात. पेशीद्रव नावापुरतं असतं आणि केंद्रकात मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक कण दिसतात. नुसत्या नजरेवर न थांबता पॅथॉलॉजिस्ट आयएचसी चाचणी करतात, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखतात. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६ ही प्रथिनं पॉझिटिव्ह आली तर न्यूरोएंडोक्राइनकडे कल जातो. पी४० पॉझिटिव्ह असेल तर स्क्वॅमसकडे.

उपचारांच्या वाटाही वेगळ्या. स्क्वॅमस लवकर सापडला तर शस्त्रक्रिया पुरेशी ठरू शकते. पुढे गेलेला असेल तर रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. स्मॉल सेलमध्ये गाठ छोटी असली तरी फक्त शस्त्रक्रियेवर विसंबत नाहीत. सिस्प्लॅटिन आणि एटोपोसाइड ही केमो जोडतात, जी फुप्फुसाच्या स्मॉल सेलसाठीही वापरतात. मुळात गाठ फुप्फुसातून तर आलेली नाही ना, यासाठी छातीचा स्कॅनही बघावा लागतो.

कधी कधी एकाच गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी असतात. तेव्हा स्मॉल सेलचा भाग थोडा असला तरी साधारणपणे त्याला धरूनच उपचार ठरतात. रिपोर्टवर प्रकार स्पष्ट नसेल, तर ब्लॉक्स आणि स्लाइड्स (मेणात जपलेला गाठीचा तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या) मागून घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा, पण त्यासाठी आठवडे घालवू नका.