सुलतानांचं सोनं आणि त्याचे साक्षीदार

ऑटोमन सुलतानांच्या इस्तंबूलमधल्या टोपकापी राजवाड्यात खजिन्याच्या दारावर शतकानुशतकं एकाच सुलतानाची मोहर उमटत राहिली: पहिल्या सलीमची. सलीमने १५१७ मध्ये इजिप्त जिंकलं आणि कैरोतल्या मामलुक राज्यकर्त्यांची संपत्ती राजधानीत आणली. तेव्हा त्याने बजावून ठेवलं, अशी आख्यायिका आहे, की मी हा खजिना सोन्याने भरलाय. माझ्यामागून येणाऱ्यांपैकी कुणी तो नुसत्या तांब्याने जरी भरून दाखवला, तर त्याने खुशाल आपली मोहर लावावी. तोवर माझीच राहील.

बोलणं गर्वाचं आहे, पण तुलना मात्र बरोबर जोडीची आहे. आवर्तसारणीत तांबं, चांदी आणि सोनं एकाच उभ्या रांगेत, एकाखाली एक बसतात. तिघांची बाहेरची इलेक्ट्रॉन-रचना एकसारखी, म्हणून तिन्ही मऊ, तार ओढता येणारे, विजेचे उत्तम वाहक. मग एकावर हिरवा गंज का चढतो, दुसरी काळी का पडते आणि तिसऱ्याला काहीच का होत नाही? सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात. इतक्या प्रचंड ओढीमुळे आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, असं गणित सांगतं, आणि त्या वेगाला आइन्स्टाइनची सापेक्षता लागू होते. परिणामी बाहेरची कक्षाही आत ओढली जाते, आणि तिथला इलेक्ट्रॉन सोनं सहजासहजी कुणाला देत नाही. हवेतला ऑक्सिजन असो की गंधकाची संयुगं, त्यांची डाळ शिजत नाही. याच ओढाताणीमुळे सोनं निळा प्रकाश शोषून घेतं आणि उरलेला पिवळा-तांबूस परत पाठवतं. सुलतानांच्या सिंहासनाची झळाळी ही अशी सापेक्षतावादाची करामत आहे.

पण न गंजणं वेगळं आणि टिकून राहणं वेगळं. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं. कोळशाची भट्टी आणि चांगला भाता असला की एवढी उष्णता कुठलाही सोनार मिळवू शकतो, आणि वितळताना सोन्याचं काहीही जात नाही. घडणावळ मात्र सगळी जाते. ऑटोमन दरबाराला याची पुरती जाणीव होती. तिथल्या सुरया, ताटल्या, पट्टे हे वैभव तर होतंच, पण अडीनडीला टांकसाळीत न्यायची गंगाजळीही होती.

याचं सर्वांत चटका लावणारं उदाहरण म्हणजे सुलतान सुलेमानचं शिरस्त्राण. १५३२ मध्ये व्हेनिसच्या सोनारांनी ते घडवलं. वजीर इब्राहिम पाशाच्या पुढाकाराने ते सुलतानासाठी घेतलं गेलं, आणि त्याची किंमत एक लाख डुकाटांच्या, म्हणजे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांच्या, वर गेली. एका डुकाटात सुमारे साडेतीन ग्रॅम सोनं, म्हणजे किंमत साडेतीनशे किलो सोन्याहून जास्त! त्यावर एकावर एक असे चार मुकुट रचले होते. पोपच्या मुकुटाला तीन, म्हणून याला चार. उद्देश उघड होता. ऑटोमन सुलतान पागोटं घालत, मुकुट नव्हे. त्यामुळे हा सगळा खटाटोप युरोपीय वकिलांचे डोळे दिपवण्यासाठी होता आणि त्या वर्षीच्या स्वारीत तो कामी आलाही. आज ते शिरस्त्राण कुठेच नाही. बहुधा वितळवलं गेलं. कागदावर छापलेली त्याची चित्रं तेवढी उरली आहेत.

१६८७ मध्ये दुसरा सुलेमान गादीवर आला तेव्हा सैन्याला राज्यारोहणाची बक्षिसी वाटायला पैसे नव्हते. राजवाड्यातली सोन्या-चांदीची भांडी वितळवली गेली. तेवढ्याने भागेना, म्हणून पुढच्या वर्षापासून सरकारने तांब्याची नाणी अवाच्या सवा दर्शनी किमतीला चलनात आणली. सलीमने तांब्याचं नाव टोमणा म्हणून घेतलं होतं. पावणेदोनशे वर्षांनी त्याच्याच वंशजावर तांब्याच्या भरवशावर राज्य हाकायची वेळ आली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, रशिया आणि ऑस्ट्रियाशी चाललेल्या युद्धात, तिसऱ्या सलीमनेही मौल्यवान भांडी टांकसाळीत पाठवायला लावली.

इथे शास्त्रज्ञाची पंचाईत होते. आज टोपकापीत दिसणाऱ्या एखाद्या सोन्याच्या पत्र्यात बाल्कनच्या खाणींचं सोनं आहे, इजिप्तमार्गे आलेलं आफ्रिकेचं आहे, की वितळवलेली व्हेनिसची नाणी? जुन्या वस्तूंचं मूळ शोधताना बऱ्याचदा समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण पाहतात. शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत, ऑक्सिजनचे तीन. सोन्याचा मात्र एकच, सोनं-१९७. दोन प्रकारच नाहीत तर प्रमाण कशाचं काढणार? सोन्यात मिसळलेल्या इतर धातूंवरून काही अंदाज बांधता येतात, पण पुन्हा पुन्हा शुद्ध केलेल्या आणि एकत्र वितळवलेल्या सोन्यात तेही पुसट होतात. तेव्हा सोन्याला विचारण्यापेक्षा त्याच्या सोबत्यांना विचारलेलं बरं.

पहिला सोबती पारा. ऑटोमन कारागीर ‘तोंबाक’ नावाची भांडी करत: आत तांबं, वर सोन्याचा मुलामा. सुरया, धूपदाण्या, शिरस्त्राणं, अगदी घोड्याच्या कपाळावरचं चिलखतसुद्धा. सोनं पाऱ्यात विरघळतं आणि त्याचा लोण्यासारखा मऊ गोळा होतो. तो घासून स्वच्छ केलेल्या तांब्यावर माखायचा आणि भांडं निखाऱ्यांवर धरायचं. पारा ३५७ अंशांना उकळून उडून जातो, सोनं तांब्याला घट्ट धरून बसतं. मग घोटून झिलई आणायची. उडालेला पारा जातो कुठे? कारागिराच्या फुफ्फुसात. हात थरथरणं, दात पडणं, बुद्धी भ्रमणं हे जगभरच्या मुलामा देणाऱ्यांच्या वाट्याला आलेलं दुखणं होतं, आणि ही वाफ बिनवासाची असल्याने धोका कळायचाही नाही. सगळा पारा उडत नाही, थोडासा सोन्यात अडकून राहतो. भांड्याला कुठेही न ओरखडता त्यावर क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण उलट सोडतं. त्यात पारा दिसला की मुलामा या पद्धतीचा, हे नक्की होतं. तोंबाकला कधी हिरवे ठिपके पडलेले दिसतात. ते सोन्याचे नव्हेत. मुलाम्याला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून आतलं तांबं डोकं वर काढतं.

कपड्यांतलं सोनं हीसुद्धा अशीच हातचलाखी. दरबारी कफ्तानांच्या, म्हणजे लांब अंगरख्यांच्या, जरीत सोनं असतं ते चांदीच्या तारेवर वर्खाइतकं. सोनं चढवलेली चांदीची कांब जंतरातून, म्हणजे बारीक होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून, ओढत नेली की तार केसाइतकी बारीक होते, तरी वरचा सोन्याचा थर फाटत नाही. मग ती चपटी करून रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळायची. पैठणीची अस्सल जर याच रीतीने होते, त्यामुळे मराठी वाचकाला अधिक सांगायला नको. या कापडापायी इतकी चांदी-सोनं खर्ची पडू लागलं, की सोळाव्या शतकात इस्तंबूलमधल्या अशा मागांच्या संख्येवर सरकारला मर्यादा घालावी लागली.

सुलतान स्वतःही या कारागिरीत मुरलेले असत. शहजाद्याने एखादा हुन्नर शिकावा अशी रीत होती. सुलेमान लहानपणी त्राबझोनला सोनारकाम शिकला. प्रवासवर्णनकार एव्लिया चेलेबी त्याच्या ग्रीक गुरूचं नाव कॉन्स्टंटाइन असं देतो. एव्लियाचे वडील दरबारातले प्रमुख सोनार होते, तेव्हा हे घरातून कानावर आलेलं असणार.

त्या काळच्या राजवाड्यातल्या कारखान्यांचं खरं वैशिष्ट्य मला दिसतं ते सोनं दुसऱ्या पदार्थात बसवण्यात. जेड हा दगड पोलादी छिन्नीला दाद देत नाही, तो कठीण भुकटीने घासूनच कोरावा लागतो. त्यात वेलबुट्टीच्या चरी पाडायच्या, तळाशी जरा रुंद ठेवायच्या आणि थंड सोन्याची तार ठोकून आत बसवायची. मध्ये मध्ये पाकळ्यांसारखी उठावदार कोंदणं, त्यांत माणकं आणि पाचू. आपल्याकडच्या कुंदनाशी याची तुलना करण्यासारखी आहे. कुंदनात अतिशुद्ध सोन्याचा वर्ख खड्याभोवती दाबतात आणि तो विनाअग्नी, नुसत्या दाबाने एकजीव होतो, कारण सोन्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा आडपडदाच नसतो. म्हणून मोगल कारागिराचा खडा जेडच्या सपाटीत मुरलेला दिसतो, तर ऑटोमन खडा फुलासारखा वर आलेला.

टोपकापीतल्या आणखी काही भांड्यांवर असंच सोनं-माणकांचं काम आहे, पण मूळ भांडं आहे जस्ताचं! घरावरच्या पत्र्यांना ज्याचा थर देतात तेच जस्त. आज हे हास्यास्पद वाटेल, पण सोळाव्या शतकात शुद्ध जस्त ही दुर्मीळ चीज होती. खनिजातून जस्त सुटायला जितकी उष्णता लागते, त्याच्या आतच, ९०७ अंशांना, ते उकळतं. म्हणजे भट्टीत धातू वाफ होऊनच जन्मतो आणि हवा लागताच जळून पांढरी राख होतो. बंद मुशीत वाफ धरून थंड करण्याची युक्ती फार थोड्यांना साधली होती; उदयपूरजवळच्या जावरचे कारागीर त्यांत अग्रेसर. असा धातू हाती आला, की त्याला सोन्याने मढवावंसं वाटणारच.

आता रत्नं. ती वितळवता येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे माहिती अधिक. १५८५ मध्ये इजिप्तचा सुभेदार इब्राहिम पाशा (शिरस्त्राणवाला नव्हे, हा निराळा) याने तिसऱ्या मुरादला भेट दिलेलं ईदचं सिंहासन सोन्याच्या पत्र्याने मढवलेलं आहे आणि त्यावर ९५४ हिरवट खडे जडवले आहेत. ते पाचू नव्हेत, पेरिडॉट. पेरिडॉट हे पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातलं खनिज. तांबडा समुद्र उलगडताना प्रावरणाचा एक तुकडा वर ढकलला गेला आणि त्याचं झबरगड नावाचं बेट झालं. प्राचीन काळापासून पेरिडॉटसाठी तेच नावाजलेलं.

पाचूंची गोष्ट त्याहून लांबची आहे. १७१८ मध्ये इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी मॉन्टेग्यू इस्तंबूलमध्ये दुसऱ्या मुस्तफाच्या विधवेला, हाफिसेला, भेटायला गेली. तिच्या गळ्यातल्या मोत्यांच्या सरीला टर्की पक्ष्याच्या अंड्याएवढा पाचू होता, असं तिने पत्रात लिहून ठेवलंय. एवढे पाचू आले कुठून? इजिप्तच्या जुन्या खाणींचे पाचू लहान आणि धुरकट. मोठे, गर्द हिरवे खडे सोळाव्या शतकात जगाच्या बाजारात उतरले ते कोलंबियातून. स्पॅनिश लोकांनी मुझो आणि चिवोरच्या खाणी ताब्यात घेतल्या, आणि गंमत म्हणजे त्या खड्यांना खरं गिऱ्हाईक मिळालं ते युरोपच्या पूर्वेला, इस्तंबूल, इस्फहान आणि आग्र्याच्या दरबारांत. मोगलांकडे जाणारा मोठा वाटा पोर्तुगीजांच्या गोव्यातून जाई.

टोपकापीच्या प्रसिद्ध खंजिराच्या मुठीवर असेच तीन मोठे पाचू आहेत, आणि मुठीच्या टोकाला चौथ्या पाचूचं झाकण, त्याखाली छोटं घड्याळ. पहिल्या महमूदने हा खंजीर नादिरशहासाठी करवून घेतला. तोच नादिर, ज्याने १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांचा वेढा वसईला पडला होता त्याच सुमारास, दिल्ली लुटली. १७४६ मध्ये तुर्कांशी तह झाल्यावर भेटींची देवाणघेवाण ठरली. नादिरने मीनाकारीचं, पाचू-माणकं-मोत्यांनी जडवलेलं सोन्याचं सिंहासन पाठवलं. ते हिंदुस्थानी घडणीचं समजलं जातं, पण मयूरासन मात्र नव्हे. इकडून खंजीर निघाला. तो वाटेत असतानाच, जून १७४७ मध्ये, नादिरचा त्याच्याच सरदारांनी खून केला. खंजीर परत आला, सिंहासनही इस्तंबूललाच राहिलं. एका भेटीच्या बदल्यात दोन्ही वस्तू पदरात पडल्याचं उदाहरण राजनीतीत क्वचितच असेल.

पाचू म्हणजे बेरिल हे खनिज. त्याला हिरवेपण येतं क्रोमियम आणि व्हॅनेडियमच्या अंशांमुळे. बहुतेक खाणींत ते तप्त शिलारसाच्या संपर्कातून घडतं, पण कोलंबियात ते काळ्या, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या गाळखडकात, खारट गरम पाण्यातून वाढलं. त्या पाण्याचे थेंब खड्याच्या पोटात अजून असतात: द्रव, त्यात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा इवलासा चौकोनी स्फटिक. सूक्ष्मदर्शकाखाली हे त्रिकूट दिसलं की जाणकार कोलंबियाचं नाव घेतात. पाचूच्या स्फटिकातला ऑक्सिजनही त्याच पाण्यातून आणि खडकातून आलेला, म्हणून त्यात जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण बहुतेक इतर खाणींपेक्षा बरंच जास्त.

२००० साली भूशास्त्रज्ञ गॅस्तों ज्युलियानी आणि सहकाऱ्यांनी ऐतिहासिक पाचूंचं हे प्रमाण मोजून दाखवलं. आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचा, झोत सोडून खड्यावर जो खड्डा पडतो तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. त्यांनी तपासलेल्या खड्यांत हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातले चार होते. मराठवाड्याचा महसूल ज्या तिजोरीत जमा होई, त्याच घराण्याचे हे पाचू ‘जुन्या खाणीचे’, म्हणजे आशियातल्या कुठल्याशा हरवलेल्या खाणीतले मानले जात. निकाल आला तेव्हा तीन निघाले कोलंबियाचे. चौथा मात्र खरोखरच आशियाई होता, अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यातला. पंजशीरच्या या खाणींना आधुनिक जगाने ओळखलं ते विसाव्या शतकात. निजामाच्या जवाहिऱ्यांकडे तिथला माल त्याच्या दोनेकशे वर्षं आधीच येऊन पडला होता.