पिंपातला विस्तव आणि न ठरणारा काटा

मागच्या हिवाळ्यात नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यात आम्ही लाकडावरचा स्मोकर, म्हणजे धुरावर संथपणे मांस शिजवायची भट्टी, बांधला. २०० लिटरचं लोखंडी पिंप आडवं ठेवलं, एका अंगाला जाड पत्र्याची छोटी भट्टी आणि दुसऱ्या अंगाला तीन फुटी धुराडं जोडलं. वेल्डिंग सातपूरला करून घेतलं. पिंप खाद्यतेलाचं होतं, तरी आतला रंग पूर्ण जाळून मगच वापरात आणलं. गॅल्वनाइज्ड पत्रा मात्र कुठेही लावू दिला नाही. भट्टीच्या आचेत त्यावरचं जस्त धूर धरतं आणि तो धूर फुप्फुसांना घातक असतो.

बोकडाची अख्खी मांडी ११० अंशांवर पाच-सहा तास ठेवायची, एवढाच बेत होता. हा आकडा असाच धरलेला नाही. मटणातला चिवटपणा येतो तो कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांमुळे. मांसाच्या आत ७० अंशांच्या पुढे हे धागे हळूहळू विरघळून जिलेटिन होतात, आणि त्यांना वेळ लागतो. आच जास्त झाली तर धागे विरघळायच्या आधीच मांस आकसून पाणी सोडतं. आच फार कमी पडली तर मांस ५ ते ६० अंशांच्या टप्प्यात रेंगाळतं आणि जिवाणूंचं फावतं. म्हणून पिंपातल्या थर्मामीटरचा काटा ११०च्या आसपास राहायला हवा. पहिल्या रविवारी मेहुणा दर दहा मिनिटांनी हाक मारत होता, "दाजी, पुन्हा दीडशे!" मी भट्टीची हवेची झडप बंद करायचो. थोड्या वेळाने पुन्हा हाक, "दाजी, आता ऐंशी!"

असं का होतं, हे समजायला आधी लाकूड समजून घ्यावं लागतं. कोळसा शांत जळतो, कारण त्यातला वायू आधीच निघून गेलेला असतो. सुक्या लाकडाच्या वजनाचा मात्र सुमारे चार पंचमांश भाग तापल्यावर वायू आणि वाफ होऊन बाहेर पडतो. नवीन ओंडका टाकला की पहिली काही मिनिटं तो उष्णता देत नाही, उलट घेतो, कारण आतलं पाणी उडवायचं असतं. काटा उतरतो. मग वायू सुटून भडका होतो आणि काटा चढतो. शेवटी निखारे उरतात आणि आच संथ होते. मोठा ओंडका म्हणजे ही तिन्ही सोंगं मोठ्या प्रमाणात. वखारीतून आणलेली बाभूळ ओलसर असेल तर पहिलं सोंग आणखी लांबतं.

दुसरं कारण धुराड्यात आहे. गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. विस्तव वाढला की धुराडं तापतं, धुराडं तापलं की ओढ वाढते, ओढ वाढली की विस्तव आणखी वाढतो. उतरताना हेच उलटं घडतं. म्हणजे यंत्रणा स्वतःच स्वतःला एका टोकाकडे ढकलत राहते. आणि ही ओढ किती नाजूक असते, हे हिशेब केल्यावर मला कळलं. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या आपल्या नाशिकच्या हवेत, ९० सेंटिमीटर उंचीच्या आणि आत १२० अंशांची हवा असलेल्या धुराड्याची ओढ २.३ पास्कलच्या आसपास येते. पाव मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराचा दाब, बस. सेकंदाला दोन मीटर वेगाची, जेमतेम पानं हलवणारी झुळूकही जवळपास एवढाच दाब देते. म्हणजे भट्टीच्या तोंडावर समोरून वारा आला, तर आपण झडप कितीही जपून फिरवली तरी ओढ दुप्पट होते. आम्ही भट्टीसमोर विटांची कमरेएवढी भिंत रचली, तेव्हा निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेला निम्मा माझ्या हातात होता. झडप फिरवल्यापासून काट्यावर पूर्ण परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा धीर न धरता मी पुन्हा फिरवायचो. पहिल्या बदलाचा परिणाम येऊन पोचायचा तेव्हा दुसरा बदल वाटेत असायचा. उशिरा कळणाऱ्या गोष्टीवर घाईने उपाय केला की काटा झोपाळ्यासारखा दोन्हीकडे झुलतो, हे नियंत्रणशास्त्रातलं अगदी मूलभूत सत्य आहे. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न सोडवला होता. त्याच्या भट्टीत तापमान वाढलं की द्रव प्रसरण पावायचा, पारा वर सरकायचा आणि हवेची झडप आपोआप मिटायची. तापमान स्वतः सांभाळणारं हे जगातल्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक.

माझ्या आजीकडे पारा नव्हता. पण भाकरी तव्यावर पडायच्या आत ती चुलीतलं लाकूड वीतभर मागे ओढायची आणि शेवटची भाकरी थापताना पुन्हा पुढे सारायची. जाळ वाढण्याची वाट ती बघत नसे. पुढे काय होणार हे ओळखून आधीच हात चालायचा. आता मीही काटा १०५ला येऊन उतरायला लागला की लगेच पुढची ढलपी टाकतो, ८५ होऊ देत नाही.

ढलप्या मनगटाहून बारीक, वीत-दीड वीत लांब, सगळ्या सारख्या. पुढची ढलपी आधीच भट्टीच्या टपावर तापत ठेवायची, म्हणजे ओल तिथेच उडते. लाकूड बाभळीचं किंवा आंब्याचं. नाशिकला द्राक्षबागा असल्याने छाटणीच्या काड्या वाटेल तेवढ्या मिळतात आणि त्यांचा धूर सुरेखही असतो, पण बागेवर वर्षभर फवारण्या होतात, म्हणून मी त्या घेत नाही. विस्तव लहान ठेवायचा आणि त्याला हवा भरपूर द्यायची. मोठा जाळ करून हवा कोंडली तर वायू अर्धवट जळतो, पांढरा दाट धूर निघतो आणि मटण कडू होतं. चांगला धूर पातळ, निळसर दिसतो, कारण त्यातले कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात.

सगळ्यात मोठा फरक पडला तो विटांनी. पिंपातली हवा जेमतेम १७० ग्रॅम भरते. ती तापवायला एका ग्रॅम लाकडाची उष्णता पुरते, म्हणून ती चटकन चढते आणि चटकन उतरते. रिकामं पिंप साधारण २० किलोचं. आम्ही तळाशी १६ भाजक्या विटा रचल्या, सुमारे ४८ किलो. त्या पिंपाच्या लोखंडापेक्षा चौपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतात. आधी तासभर तापवाव्या लागतात, पण मग झाकण उघडलं तरी काटा पाच मिनिटांत जागेवर येतो. विटांवर पसरट परातीत पाणी ठेवतो. आच वाढली की पाणी जास्त उडतं आणि ती जादा उष्णता खातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला २२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ दीडशे ग्रॅम सुक्या लाकडाची उष्णता. झाकणाच्या फटीला कणीक लावतो, दमाच्या हंडीला लावतात तशी.

ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. पत्र्यातून किती उष्णता जाते, हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. मे महिन्यात बाहेर ४० असताना फरक ७० अंशांचा, जानेवारीच्या पहाटे बाहेर १० असताना १००चा. तेच पिंप, तेच मटण, पण पत्र्यातून जाणारी उष्णता चाळीस टक्क्यांहून जास्त वाढते. मेमध्ये खूण करून ठेवलेली झडपेची जागा म्हणूनच थंडीत चालत नाही. थर्मामीटर झाकणावर नको, जाळीच्या पातळीवर मांसाशेजारी हवा. तो बरोबर आहे का ते उकळत्या पाण्यात बघावं. नाशिकला पाणी ९८ अंशांना उकळतं, तेव्हा १०० दाखवणारा थर्मामीटर चुकतोय असं समजावं.

एवढं करूनही तिसऱ्या तासाला एक गोष्ट घाबरवते. पिंपातला काटा ११०वर ठाम, पण मांडीत खुपसलेली थर्मामीटरची सुई ७०च्या जवळपास येऊन अडकते. तास जातो, आकडा हलत नाही. मी पहिल्यांदा लाकूड वाढवलं होतं. खरं तर तिथे माठाचं काम चालू असतं. माठातून पाझरलेलं पाणी उडताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं, तसंच मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडताना येणारी सगळी उष्णता नेत राहतं. पृष्ठभाग सुकला की सुई पुन्हा चढायला लागते. घाई असेल तर मांडी केळीच्या पानात गच्च गुंडाळावी, बाष्पीभवन थांबतं. मी गुंडाळत नाही, कारण वरची काळपट, कुरकुरीत साल मला हवी असते.

परवाच्या शनिवारी दुपारी दोनला विस्तव केला, तीनला मटण ठेवलं. नऊ वाजेपर्यंत काटा १०४ आणि ११६च्या बाहेर गेला नाही. सुईने ९२ दाखवलं तेव्हा मेहुण्याने हाड धरून नुसतं हलवलं, आणि ते स्वच्छ निघून हातात आलं.