सोसायटीतलं पार्किंग, गेटसमोरची गाडी: अर्ज कुणाकडे करायचा, पात्र कोण, कागद कुठले लागतात

पार्किंगच्या भांडणात बहुतेक लोकांचा वेळ जातो तो चुकीच्या ऑफिसात. शेजाऱ्याने आपल्या जागेवर गाडी लावली की आधी पोलीस चौकी गाठतात, तिथे "हे सोसायटीचं मॅटर आहे" म्हणून वाटेला लावतात, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार टाकतात आणि तिथून उत्तर येतं की सहकारी न्यायालयात जा. त्यामुळे सगळ्यात आधी आपला वाद नक्की कुठला ते बघा. गाडी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये आहे, बाहेर सरकारी रस्त्यावर आहे, की दोन घरांच्या मधल्या खाजगी बोळात? तिन्हीचे रस्ते वेगळे.

सोसायटीचं आधी. महाराष्ट्रातल्या बहुतेक हाउसिंग सोसायट्यांनी आदर्श उपविधी घेतलेत, म्हणजे आपण ज्याला बायलॉज म्हणतो ते. 2014 च्या प्रतीत पार्किंगचे नियम 78 नंबरपासून पुढे आहेत, तुमच्या सोसायटीने जुने घेतले असतील तर नंबर मागेपुढे होतील, म्हणून सेक्रेटरीकडून मंजूर प्रत मागून घ्या, फी भरून ती मिळते. नियम साधारण असा आहे की पार्किंग मिळतं सदस्याला आणि तेही त्याच्याकडे गाडी असेल तर, कंपनीने वापरायला दिलेली गाडीसुद्धा चालते. एका सदस्याला एक जागा. जागा उरल्या तरच दुसरी, आणि तीसुद्धा वर्षापुरती, कारण ज्याच्याकडे एकही जागा नाही त्याने मागितली तर ती सोडावी लागते. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर कमिटीने चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं. "मी पहिल्यापासून इथेच लावतोय" हा हक्क नाही, कितीही जोरात सांगितलं तरी. आणि सोसायटीने दिलेली जागा सदस्याला विकता येत नाही. भाडेकरू स्वतः सदस्य नसतो, म्हणून भाडेकरूचा प्रश्न असेल तरी अर्ज फ्लॅटमालकाच्या सहीने द्या.

"पण आम्ही बिल्डरला पार्किंगचे पैसे दिलेत" हे हमखास निघतंच. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या केसमध्ये सांगितलं की स्टिल्टमधली (इमारतीखाली खांबांमधली) किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती कॉमन जागा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर अंकुश ठेवणारा कायदा, आल्यावर कव्हर्ड पार्किंग करारात लिहून विकता येतं, उघडं मात्र नाही. म्हणजे तुमची इमारत कधीची आणि करारात नेमकं काय लिहिलंय यावर बरंच अवलंबून आहे. साध्या पावतीवर विसंबू नका, रजिस्टर्ड ॲग्रीमेंट काढा आणि वाचा.

पहिला अर्ज सेक्रेटरीच्या नावाने, लेखी. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे तक्रार नाही, तिथे फक्त अंगठे मिळतात. अर्जात फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, तुम्हाला दिलेला स्लॉट, कोण कधीपासून अडवतंय आणि तुमची मागणी काय हे लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, गाडीची आरसी, स्लॉट दिल्याचं पत्र, पार्किंग चार्जेस दिसणारं मेंटेनन्स बिल आणि तारखेसकट फोटो. कमिटीने येणाऱ्या मीटिंगमध्ये त्यावर निर्णय घेऊन नंतर 15 दिवसांत कळवायचं असतं. पार्किंगचा दर आणि धोरण ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा, त्यामुळे वाद धोरणाचाच असेल तर विषय एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, अजेंड्यावर घ्यायला लावा आणि त्या ठरावाची प्रत मिळवा, पुढे तीच उपयोगी पडते.

कमिटीने काही केलंच नाही तर? उपविधींमध्ये कुठली तक्रार कुणाकडे न्यायची याची यादीच दिलेली आहे आणि त्यात पार्किंग सहकारी न्यायालयाच्या खात्यात आहे. दावा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 91 खाली लागतो. वर सांगितलेले सगळे कागद, सोसायटीशी झालेला पत्रव्यवहार, ठराव, उपविधी आणि महापालिकेने मंजूर केलेला नकाशा जोडायचा. नकाशा सोसायटी देत नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडून काढता येतो, आणि तो काढाच, कारण बऱ्याचदा ज्या जागेवरून दोन घरं वर्षभर बोलत नाहीत ती नकाशात पार्किंगची नसतेच, गाड्या आत-बाहेर करायची जागा असते. निकालाला वेळ लागतो, म्हणून दाव्यासोबतच कलम 95 खाली अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज द्यायला वकिलांना सांगा. निकाल विरोधात गेला तर दोन महिन्यांत अपील, ते सहकारी अपील न्यायालयात.

आता रस्त्यावरचं. तुमच्या गेटच्या तोंडावर कुणी गाडी लावून गेलं तर तो ट्रॅफिकचा विषय. 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये प्रॉपर्टीच्या एन्ट्री-एक्झिटसमोर पार्किंगला मनाई आहे. गेट आणि नंबरप्लेट एकाच फोटोत येईल असा फोटो काढा आणि ट्रॅफिक पोलिसांना कळवा, अडकून पडलात किंवा पेशंटला न्यायचंय तर सरळ 112. रोजचंच असेल तर ट्रॅफिक विभागाकडे गेटसमोर नो पार्किंगचा बोर्ड लावण्यासाठी लेखी अर्ज करा. सार्वजनिक रस्ता अडवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 मध्ये बसतं, दंड 5000 रुपयांपर्यंत. पण हेही ऐका, गेटच्या बाजूचा, भिंतीलगतचा रस्ता तुमचा नाही. तिथे कुंड्या, साखळी, दगड ठेवून जागा धरणारे आपणच असतो, आणि तक्रार महापालिकेत गेली तर उचललं जातं ते आपलंच सामान. दुसऱ्याच्या टायरची हवा सोडणं वगैरे प्रकार तर अजिबात नको, गुन्हा तुमच्यावरच बसेल.

बंगला, रो-हाउस किंवा गावठाणातला सामायिक बोळ असेल तर सोसायटीही नाही आणि ट्रॅफिकही नाही, तिथे दिवाणी कोर्ट. आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), दोन्ही घरांची खरेदीखतं आणि मंजूर लेआउट बघा, बोळ कुणाच्या नावावर ते कळेल. हद्दीवरच वाद असेल तर उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करा, फी भरून मोजणी होते आणि मोजणीच्या नकाशाची प्रत, तिला "क प्रत" म्हणतात, ती मिळते. जागा शेजाऱ्याची निघाली तरी संपलं असं नाही, सुविधाधिकार अधिनियम 1882 प्रमाणे 20 वर्षं उघडपणे, अडथळ्याशिवाय आणि हक्काने वहिवाट असेल तर रस्त्याचा हक्क मागता येतो. मात्र "जा रे बाबा, आमच्या जागेतून जा" अशा परवानगीने केलेली वहिवाट त्यात धरत नाहीत, आणि शेजारी कोर्टात पहिलं हेच म्हणणार. म्हणून जुने फोटो, बोळाकडे उघडणारं गेट दाखवणारा बांधकामाचा नकाशा आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांची साक्ष दावा टाकायच्या आधीच जमवून ठेवा.