पहिली रायफल, कमी बजेट: बनवायची की विकत घ्यायची, लायसन्स कधी लागतं आणि कागद कोणते

नेमबाजी सुरू करायचीय, हातात पैसे कमी आहेत, तर पार्ट आणून रायफल स्वतः जोडली तर स्वस्त पडेल का, असं बरीच मुलं विचारतात. यातल्या बहुतेकांनी अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेले असतात. तिकडे रायफलचा एक मुख्य भाग कायद्याने बंदूक धरतात आणि बाकीचं सामान लोक घरी मागवून जोडतात. आपल्याकडे असलं काही चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, बदल करणं, अगदी रिपेअर करणं, या सगळ्याला वेगळं लायसन्स लागतं आणि ते कारखानदाराला, डीलरला मिळतं, हौशी माणसाला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं ते जन्मठेप अशी आहे. त्यामुळे 'बनवायची' हा विषय इथेच संपवा आणि कोणी ओळखीचा लेथवाला करून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानाची पायरी पण चढू नका.

आता चांगली बातमी. पहिल्या रायफलसाठी बहुतेकांना लायसन्सची गरजच नसते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी बोअरची (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) आणि छर्रा सुटतानाची ताकद २० ज्यूलच्या आत असलेली एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा मारणारी, विनालायसन्स घेता येते, आणि ऑलिम्पिकची १० मीटर एअर रायफल नेमकी याच बोअरची असते, ताकद तर २० ज्यूलच्या बरीच खाली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत वर्ल्ड चॅम्पियन झाला तो याच प्रकारात. स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझ मात्र ५० मीटर थ्री पोझिशनमधलं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने), तिथे .२२ ची खरी गोळी असते, म्हणून तिथे लायसन्स आलंच. सुरुवात १० मीटरनेच करा, खर्च, कागद, जागा सगळंच आवाक्यात राहतं.

एअर रायफल घेताना दुकानदार आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो आणि रजिस्टरला नोंद करतो, ती करू द्या, त्यात तुमचंच भलं आहे. मुलगा किंवा मुलगी लहान असेल तर बिल आई-वडिलांच्या नावाने करा. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि बोअर स्पष्ट लिहून घ्या, कारण रस्त्यात पोलिसांनी रायफलची पेटी उघडायला लावली तर तोच कागद दाखवायचाय. ०.२२ म्हणजे ५.५ मिमीची एअर रायफल 'थोडी पॉवरफुल आहे, घेऊन जा' म्हणून कोणी गळ्यात मारली तर ती लायसन्सच्या कक्षेत येते. तसंच स्प्रिंग बदलून, ट्यून करून २० ज्यूलच्या वर नेलेली ०.१७७ सुद्धा. पक्ष्यांवर, माकडांवर चालवायची असेल तर पुढे वाचूच नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे आणि तो एअरगनला पण लागतो.

पैशाचं बघू. माझं ठाम मत, पहिले काही महिने रायफल घेऊच नका. आधी क्लब जॉइन करा. मुंबईत वरळीला, पुण्यात बालेवाडीला, कोल्हापूरला दुधाळीत रेंज आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी छोट्या खासगी रेंज पण बऱ्याच निघाल्यात, आणि बहुतेक ठिकाणी क्लबच्या रायफलवर शिकता येतं. पहिला खर्च करायचाच तर नेमबाजीचं खास जॅकेट, पँट, ग्लोव्ह, शूज यावर करा, कारण क्लबची रायफल दहा जण वापरतील तरी चालतं पण दुसऱ्याच्या मापाचं जॅकेट घालून पोझिशन कधीच बसत नाही. लोकांना वाटतं रायफल भारी घेतली की स्कोअर येतो, पण उभ्याने ६० शॉट सव्वा तासात मारताना पाठ आणि कंबर धरून ठेवायची असते, ते काम जॅकेटचं. कोणाला खरंच काही 'बनवायची' हौस असेल तर ती इथे भागवा, बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आपल्या खांद्याला सेट करा, चीकपीस (गाल टेकायचा भाग) वर-खाली करा, वजनं लावा-काढा, सगळं कायदेशीर आहे, फक्त मॅचला रायफल ५.५ किलोच्या आत बसली पाहिजे.

मग रायफल. देशी स्प्रिंगवाली काही हजारात मिळते, निशाणा धरायला ठीक, पण मॅचच्या लेव्हलला ती पुरत नाही आणि वर्षभरात दुसरी घ्यावी लागते, म्हणजे दोनदा खर्च. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, श्टायर या नवीन मॅच रायफली दोन-तीन लाखांच्या पुढे जातात. त्यामुळे मध्यमवर्गीय घरातल्या माणसाला खरा पर्याय म्हणजे क्लबमधल्या सिनियरची सेकंडहँड मॅच रायफल. दर वर्षी कोणीतरी नवीन मॉडेल घेतं, कोणी बारावीमुळे खेळ सोडतं, तेव्हा कोचला सांगून ठेवा.

या मॅच रायफली दाबून भरलेल्या हवेच्या सिलेंडरवर चालतात, म्हणून सेकंडहँड बघताना सगळ्यात आधी तो सिलेंडर हातात घ्या आणि त्यावर कोरलेली तारीख वाचा. १० वर्षं झालेला सिलेंडर मॅचला चालत नाही, तो मुदतीत ठेवायची जबाबदारी खेळाडूची असते, आणि नवीन सिलेंडर स्वस्त नसतो, तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. मग सिलेंडर भरून रायफलला लावा, गेजचा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या, सकाळी काटा खाली आला असेल तर सील गेलेत. त्यानंतर रायफल टेकवून पाच-पाच छर्‍यांचे ग्रुप काढा, तेही दोन-तीन वेगवेगळ्या छर्‍यांनी, कारण प्रत्येक बॅरलला वेगळा छर्रा मानवतो. टार्गेटवरचं १० गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, त्यामुळे टेकवून मारताना पाचही छर्रे जवळपास एकाच भोकातून गेले पाहिजेत. आणि मूळ बिल, इम्पोर्टचे कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, नामांकित नेमबाजांना ड्युटीत सवलत मिळते आणि सवलतीत आणलेला माल विकण्यावर अटी असतात. साध्या कागदावर का होईना, सिरियल नंबरसकट विक्रीची पावती आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स करून ठेवा.

स्पर्धेचे कागद क्लबमार्फत होतात. क्लबचं मेंबरशिप, मग राज्य संघटना, मग नॅशनल रायफल असोसिएशनचा शूटर आयडी. जन्मदाखला, आधार, फोटो लागतात. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं करून घ्या, यात फार जणांची एंट्री अडकते. पुढे राज्य स्पर्धा, झोनची स्पर्धा, मावळंकर स्पर्धा आणि नॅशनल. मावळंकर म्हणजे पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळंकर, १९५१ ला नॅशनल रायफल असोसिएशन त्यांनीच सुरू केली.

खऱ्या गोळीच्या .२२ रायफलकडे जायचं ठरलं तर मग लायसन्स. गृह मंत्रालयाच्या शस्त्र लायसन्सच्या एनडीएएल-एएलआयएस या ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म ए-१ भरायचा. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हादंडाधिकारी लायसन्स देतात. वय २१ पूर्ण हवं, ज्युनियर नेमबाजांसाठी मात्र वेगळी तरतूद आहे, ती क्लबकडून समजून घ्या. कागद म्हणजे पांढऱ्या बॅकग्राउंडचे पासपोर्ट फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, शस्त्र हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म एस-१, शस्त्र कुठे कसं कुलपात ठेवणार याचं हमीपत्र एस-२, आणि डॉक्टरचं शारीरिक व मानसिक फिटनेसचं सर्टिफिकेट एस-३. त्यासोबत क्लबचं पत्र, शूटर आयडी आणि स्पर्धांचे स्कोअर जोडा, कारणाच्या रकान्यात फक्त 'खेळ' लिहून भागत नाही. मग पोलीस स्टेशनकडून चौकशी होते, घरी येतात, शेजारी विचारतात, जुना गुन्हा बघतात, त्या वेळी कपाट आणि कुलूप दाखवायची तयारी ठेवा.

लायसन्स आता ५ वर्षांचं असतं. साधारण नागरिकाला २०१९ पासून ३ ऐवजी २ च शस्त्रं ठेवता येतात, नेमबाजांना लेव्हलप्रमाणे त्याहून जास्तीची सूट २०२० च्या अधिसूचनेने मिळालीय. लायसन्सवर यूआयएन (लायसन्सधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे ना ते घेतानाच बघा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायचा आदेश निघू शकतो, म्हणून मॅच जवळ असेल तर क्लबचं पत्र घेऊन आधीच अर्ज टाका. लायसन्स नाकारलं तर कारण लेखी मागून घ्या, कलम १८ खाली अपील करता येतं, आणि त्याला ३० दिवसांचीच मुदत आहे, तेव्हा ऑर्डर हातात पडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर टाकून घ्या.