संचालन प्रणालीची प्रस्थापना (घरगुती संगणकावरील)

संगणकाच्या कायमस्वरूपी साठवणीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर, संचालन प्रणालीच्या फाइली उतरवणे आणि यंत्र सुरू होताच त्याचा ताबा त्या प्रणालीकडे जाईल अशी व्यवस्था करणे, या दुहेरी क्रियेला प्रस्थापना म्हणतात. यातले पहिले काम वेळखाऊ पण सोपे आहे. दुसरे काम थोड्याच बाइटांचे असते आणि घोडे बहुधा तिथेच अडते.

संज्ञा : ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ला मराठीत संचालन प्रणाली, परिचालन प्रणाली, कार्यप्रणाली असे पर्याय आढळतात. ‘कार्यप्रणाली’ला कामाची पद्धत हा अर्थ आधीच चिकटलेला असल्याने येथे पहिला पर्याय घेतला आहे. नुसते ‘स्थापना’ म्हटले की मराठी वाचकाला गणपती आठवतो, म्हणून ‘प्रस्थापना’. बोलण्यात यांपैकी काहीच नसते. तिथे विंडोज ‘टाकतात’, आणि जुनी पुसून नवी टाकायची झाली तर त्या सगळ्या खटाटोपाला मिळून ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. वास्तविक फॉरमॅट ही त्यातली एकच पायरी आहे, आणि आजच्या एसएसडीवर ती काही सेकंदांत उरकते.

‘बूट’ शब्दाचे मूळ : संगणक सुरू होण्याच्या क्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. हा ‘बूटस्ट्रॅप’चा संक्षेप असून बूटस्ट्रॅप म्हणजे बूट वर ओढायला त्याच्या मागे लावलेला पट्टा. स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलायचे, असा मूळ वाक्प्रचार. तो बॅरन मुंखहाउझेनच्या १७८० च्या दशकातील गप्पांमधून आला असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. परंतु त्या कथेत बॅरन दलदलीतून स्वतःला बाहेर काढतो ते केसांची वेणी धरून. बुटाचा तिथे संबंध नाही. अमेरिकन वृत्तपत्रांत १८३४ च्या सुमारास बुटाच्या पट्ट्याचा उल्लेख येतो आणि तोही अशक्य गोष्टीची थट्टा म्हणून. व्युत्पत्ती अमेरिकन मानणे अधिक सयुक्तिक दिसते. संगणकाच्या संदर्भात हा शब्द १९५३ मध्ये आयबीएम ७०१ या यंत्राच्या वर्णनात सापडतो : ‘लोड’ बटण दाबले की एक ‘शब्द’ (यंत्र एका वेळी हाताळते तेवढा माहितीचा तुकडा) स्मृतीत येई, तो पुढच्यांना आणी, आणि असे करत सारा प्रोग्रॅम आत येई.

कल्पना शब्दापेक्षा जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या आरंभीच्या संगणकावर मे १९४९ मध्ये पहिला प्रोग्रॅम चालला, तेव्हा डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या ३१ प्रारंभिक आज्ञा टेलिफोन एक्स्चेंजमधल्या फिरत्या स्विचांवर तारांनी कायमच्या बांधलेल्या होत्या. कागदी पट्टीवरचा प्रोग्रॅम कसा वाचायचा एवढेच त्या यंत्राला सांगत. आजच्या मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम बसवलेला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, तत्त्वतः हेच काम करतो.

घरगुती यंत्रात प्रस्थापना केव्हा आली : सुरुवातीच्या बहुतेक घरगुती संगणकांत प्रस्थापित करण्यासारखे काही नव्हतेच; प्रणाली रॉममध्येच, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या कायमच्या चिपमध्ये, असे. भारतात १९८४-८५ पासून ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातून शाळाशाळांत गेलेले बीबीसी मायक्रो याच जातीचे होते. बटण दाबले की बीप, आणि बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार. आयबीएम पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला, पण त्याच्या मूळ रचनेत हार्ड डिस्क नव्हती. डॉस ही त्याची संचालन प्रणाली दर वेळी १६० केबीच्या फ्लॉपीवरून चढे आणि बंद केल्यावर जाई. मार्च १९८३ मध्ये १० एमबीची हार्ड डिस्क असलेला पीसीचा पुढचा नमुना एक्सटी आणि त्याबरोबर डॉस २.० आले. निदान आयबीएम परंपरेत तरी घरगुती प्रस्थापनेचा आरंभ इथून धरावा. पहिल्या हार्ड डिस्कला ‘सी’ हे अक्षर मिळाले, कारण ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपींनी आधीच अडवलेली होती. फ्लॉपी कधीच गेली, तरी ‘सी ड्राइव्ह’ तसाच राहिला.

त्या काळी नवी डिस्क खरोखर कोरी असे. डीबग प्रोग्रॅममध्ये ‘जी=सी८००:५’ असे टंकून डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलर कार्डातला फॉरमॅट प्रोग्रॅम जागा करायचा, मग एफडिस्क या प्रोग्रॅमने डिस्कचे विभाग पाडायचे, मग ‘फॉरमॅट सी: /एस’ द्यायचे. शेवटच्या ‘/एस’ने प्रणालीच्या मूळ फाइली डिस्कवर जात. तो राहिला की सगळे खटाटोप करूनही डिस्क बूट होत नसे.

पहिला सेक्टर : आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसर चालू होताच एक एमबीच्या १६ बाइट अलीकडे असलेल्या पत्त्यावरून आज्ञा वाचू लागतो. तिथे बायॉस, म्हणजे पीसीचे फर्मवेअर, असतो. बायॉस यंत्राची तपासणी करून डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर (साठवणीचा लहानात लहान तुकडा) उचलतो, स्मृतीत ७सी०० या षोडशमान (दहाऐवजी सोळा अंकांच्या पद्धतीतील) पत्त्यावर ठेवतो आणि तिथे उडी मारतो. हाच पत्ता का, याविषयी बरेच लिहिले गेले आहे. तो इंटेलने ठरवला हा समज बराच पसरलेला असला तरी चूक आहे. प्रोसेसरच्या रचनेत त्याचा मागमूस नाही. तो आयबीएमच्या बायॉसमधला आहे. त्या बायॉसच्या लेखकांपैकी डेव्हिड ब्रॅडली (कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही त्रिकूट-कळही त्यांचीच) यांच्या नावे सांगितले जाणारे स्पष्टीकरण हिशोबात बसते : किमान ३२ केबी, म्हणजे ३२,७६८ बाइट स्मृती गृहीत धरली, तिच्या शेवटी सेक्टरसाठी ५१२ आणि त्याच्या कामकाजासाठी ५१२ बाइट राखले, ३२,७६८ उणे १,०२४ म्हणजे ३१,७४४, आणि ही संख्या षोडशमानात ७सी००. तळाची जागा डॉससाठी मोकळी राहावी हा हेतू. पुढे संगणकांत गिगाबाइटांनी स्मृती आली, तरी बायॉसने हा पत्ता सोडला नाही.

हार्ड डिस्कवरील या पहिल्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यात आज्ञांना ४४६ बाइट, चार विभागांच्या नोंदींना प्रत्येकी १६ प्रमाणे ६४, आणि शेवटी ‘५५ एए’ ही दोन बाइटांची खूण असते. काही ग्रंथ आज्ञांसाठी ४४० बाइट देतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण विंडोज एनटीच्या घराण्याने ४४० नंतरचे सहा बाइट राखून त्यांतले चार डिस्कच्या ओळखीसाठी वापरले. विभागाचा आरंभ आणि लांबी ३२ बिटांत नोंदवल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांत सुमारे २.२ टेराबाइटपलीकडे मोजताच येत नाही. १९८३ मध्ये दहा एमबीपुढे ही मर्यादा कोणाच्या स्वप्नातही आली नसावी.

ती ओलांडणारी व्यवस्था इंटेलने १९९० च्या दशकात आपल्या इटॅनियम प्रोसेसरच्या यंत्रांसाठी, बायॉसच्या जागी, ईएफआय या नावाने सुरू केली. २००५ मध्ये तिची सूत्रे यूईएफआय मंचाकडे गेली आणि तिला यूईएफआय म्हणू लागले. हिच्यात पहिला सेक्टर गौण ठरतो. विभागांची नोंद जीपीटी सारणीत (सामान्यतः १२८ नोंदी, प्रत्येकी १२८ बाइट, आणि डिस्कच्या शेवटी दुसरी प्रत), आणि बूट होणारा प्रोग्रॅम एका छोट्या, फॅट३२ या जुन्या पद्धतीने फाइली मांडलेल्या विभागात साध्या फाइलीसारखा. पहिल्या सेक्टरात एक नामधारी जुनी नोंद ठेवतात, जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजून तिच्यावर हात चालवू नये म्हणून.

माध्यमे : विंडोज ९५ (२४ ऑगस्ट १९९५) फ्लॉपींवर घेतल्यास १३ फ्लॉपी लागत, आणि अकरावी खराब निघाली तर आधीच्या दहांचा उपयोग नसे. तिची सीडी स्वतः बूट होत नसल्याने सोबत एक बूट फ्लॉपी लागेच. सीडीवरून बूट होण्याचे मानक फीनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये आणले. त्याचे ‘एल टोरिटो’ हे नाव कॅलिफोर्नियातील त्याच नावाच्या उपाहारगृहावरून पडले अशी आख्यायिका आहे. लिनक्स या मुक्त संचालन प्रणालीच्या बाजूने क्नॉपिक्स या तिच्या वितरणाने (तयार संचाने) २००० मध्ये डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालणारी प्रणाली लोकप्रिय केली. उबुंटू या दुसऱ्या वितरणाच्या सीडी २०११ पर्यंत मागणी नोंदवली की फुकट घरपोच येत, आणि डायल-अपच्या दिवसांत हा मोठा आधार होता. आता बहुतेक काम ८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेन ड्राइव्हवर होते. तो हाताने तयार करणाऱ्यांची एक नेहमीची फजिती अशी : यूईएफआयला फॅट३२ हवा, फॅट३२मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजची मुख्य प्रतिमा-फाइल (जिच्यात सारी प्रणाली बांधलेली असते ती) नेमकी त्याहून मोठी निघते. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे साधन तीच सामग्री अधिक दाबून बसवते.

ड्रायव्हरची अडचण : ड्रायव्हर म्हणजे प्रणालीला एखादा भाग वापरायला शिकवणारा प्रोग्रॅम. तो नसल्याने प्रस्थापकाला (प्रस्थापना करणाऱ्या प्रोग्रॅमला) डिस्कच दिसत नाही, हा दोष पिढ्यान्‌पिढ्या नव्या रूपात परत येतो. विंडोज एक्सपीच्या (२००१) निळ्या पडद्यावर तळाशी काही क्षण ‘एफ६ दाबा’ अशी ओळ येई. साटा (तेव्हाची नवी डिस्क-जोडणी) कंट्रोलरचा ड्रायव्हर हवा असेल तर तेवढ्यात कळ दाबावी लागे, आणि तो ड्रायव्हर फक्त फ्लॉपीवरूनच घेतला जाई. त्या वेळी नव्या संगणकांतून फ्लॉपी ड्राइव्ह हद्दपार होऊ लागला होता. इंटेलच्या प्रोसेसरांच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची व्यवस्था चालू असल्याने विभागांची यादी रिकामी दिसते. ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हर दिला की डिस्क प्रकटते. एसएसडी खराब आहे असे समजून ती दुकानात परत नेण्याआधी हे करून पाहावे.

परवाना व सुरक्षित बूट : विंडोज ८ पासून (२०१२) तयार ब्रँडेड संगणकांच्या फर्मवेअरमध्येच परवान्याची किल्ली असते, म्हणून पुन्हा प्रस्थापना करताना ती विचारली जात नाही. सुटे भाग जोडून बनवलेल्या यंत्रांना, म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘असेंबल’ करून घेतात तशांना, ही सोय नाही. सिक्युअर बूटही त्याच सुमारास घरगुती यंत्रांत आले : ज्याच्यावर मान्य सही आहे त्याच बूट प्रोग्रॅमला फर्मवेअर ताबा देते. बूट सेक्टरमधल्या विषाणूंवरचा हा उपाय, असे त्याचे समर्थक म्हणतात; इतर प्रणालींची वाट अडवण्याची युक्ती, असे विरोधक. प्रमुख लिनक्स वितरणे मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ हा छोटा प्रोग्रॅम मध्ये ठेवून आत येतात. त्यामुळे दुसरा आक्षेप व्यवहारात बराच बोथट झाला आहे, पुरता मात्र नाही. विंडोज ११ (५ ऑक्टोबर २०२१) ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची क्षमता आणि टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप) मागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने टीपीएम नसलेली चालती यंत्रे मोठ्या संख्येने लिनक्सकडे वळण्यास किंवा माळ्यावर जाण्यास मोकळी झाली.

मराठीची सोय : एक्सपीत देवनागरी आपोआप येत नसे. कंट्रोल पॅनेलमधील भाषांच्या पानावर जटिल लिप्यांसाठीच्या चौकटीत खूण करावी लागे. मग अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू, भारतीय, थाई, व्हिएतनामी अशा सगळ्यांना एका दमात गोळा करणारी सूचना येई, १० एमबी जागा लागेल असे सांगे आणि सीडी मागे. सीडी दुकानदाराकडेच राहिलेली असल्यास गाडी तिथे थांबे. ही पायरी गाळली तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. विंडोज व्हिस्टापासून ही खूण लागत नाही. ‘मराठी’ म्हणून मिळतो तो कळफलक इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक. उच्चारानुसारी कळफलक विंडोज १० च्या मे २०१९ च्या अद्यतनात आला. प्रस्थापनेच्या वेळी लिनक्समध्ये खात्याचे नाव मात्र रोमन लहान अक्षरांतच द्यावे लागते, आणि डिस्क कूटबद्ध करणार असल्यास तिचा पासवर्डही रोमनमध्येच ठेवणे बरे. तो विचारला जातो त्या क्षणी मराठी कळफलक अजून कुलपाच्या आतच असतो.