फरशीला पोट का आलं?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, हॉलच्या फरशीला पोट आलंय. चालताना पाय ठेवला की दबतं, उचलला की वर येतं." जानेवारीत तिनं जुन्या टाइल्सवरच व्हिनाइलच्या पट्ट्या बसवून घेतल्या होत्या. सागवानी रंग, घट्ट सांधे, दोन दिवसांत काम. आम्ही सगळ्यांनी कौतुकही केलं होतं.

मी रात्री नऊ वाजता पोचलो तेव्हा फरशी सपाट होती. डॉक्टरांकडे नेल्यावर दुखायचं थांबतं तसं. बहिणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी म्हटलं, उद्या दुपारी बघू. दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजता गॅलरीच्या दारापासून दीड-दोन मीटरवर दोन बोटं उंच फुगवटा हजर.

माझ्या आधी दोन निदानं झालेली होती. मिस्त्री म्हणाला, "ताई, खालची ओल आहे, ती आता वर येतीय." शेजारच्या काकूंनी आणलेले वास्तूचे जाणकार म्हणाले, दोष पश्चिमेला आहे. त्यांनी अकराशे रुपयांचा तांब्याचा छोटा पिरॅमिड दिला, गॅलरीच्या दाराशी ठेवायला.

ओलीचं निदान मला पटेना. घर चौथ्या मजल्यावर. खालचा स्लॅब म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी छत, जमिनीतली ओल तिथवर चढणार कशी? पुण्यातली एप्रिलची दुपार म्हणजे वाळत घातलेले पापड तासाभरात कडक होतात अशी हवा. आणि ओलीला घड्याळ कळत नाही. ती दुपारी तीनला येऊन रात्री नऊला परत जात नाही. तरीही खात्रीसाठी कापून उरलेला पट्टीचा तुकडा आठ दिवस बादलीत बुडवून ठेवला. आधी आणि नंतर व्हर्निअरनं मोजला. लांबी, रुंदी, जाडी, कशातही मोजता येईल इतका फरक नाही. "वॉटरप्रूफ" म्हणून जी जाहिरात होते ती पट्टीपुरती खरी असते. सांध्यातून पाणी खाली उतरलं तर ते पट्टीखाली कोंडून राहतं आणि कुजका वास येतो, हे जाहिरातीत नसतं. पण पट्टी पाण्यानं फुगत नाही.

मग फुगली कशानं? त्याआधी ही पट्टी आहे काय ते पाहू, कारण दुकानात कोणी सांगत नाही. सगळ्यात खाली मऊ फोमचा थर. त्यावर गाभा, जो पट्टीच्या वजनाचा बहुतेक भाग असतो. गाभ्यावर छापील फिल्म, म्हणजे ज्याला आपण सागवान म्हणून मिरवतो तो सागवानाचा फोटो. त्यावर पारदर्शक व्हिनाइलचा झिजणारा थर, आणि वर पॉलियुरेथेनचा पातळ हात. "लक्झरी" हा शब्द या पाचांपैकी कशातही नाही, तो फक्त खोक्यावर असतो.

गाभा आज बहुतेक वेळा "एसपीसी" असतो, म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी (पॉलिव्हिनाइल क्लोराइड, ज्याला आपण नुसतं व्हिनाइल म्हणतो ते प्लॅस्टिक). पूड निम्म्याहून जास्त. मला गंमत वाटते ती ही, की आजोळच्या वाड्यात होती ती शहाबादी फरशीही चुनखडकच. म्हणजे आपण चुनखडक काढला, दुसऱ्याचा दळून आणला आणि प्लॅस्टिकनं चिकटवला. पीव्हीसीचंही तसंच. त्याच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो आणि तो क्लोरीन येतो मिठापासून. (म्हणूनच उरलेले तुकडे शेकोटीत टाकू नका. जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो.)

हे पीव्हीसी जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना १८७२ मध्ये दिसलं होतं. उन्हात राहिलेल्या व्हिनाइल क्लोराइडच्या काचपात्रात पांढरा घट्ट पदार्थ जमला होता. तो कडक, ठिसूळ, काही कामाचा नाही म्हणून पडून राहिला. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. डिंक काही मिळाला नाही, पण पीव्हीसी विशिष्ट द्रवांत तापवलं की मऊ, लवचीक होतं हे हाती लागलं. पुरणपोळीची कणीक तेलात मुरली की कशी ताणली जाते, साधारण तसंच. द्रवाचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळीसारख्या रेणूंच्या मध्ये शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात व्हिनाइलची फरशी लोकांनी पाहिली. एसपीसीच्या गाभ्यात मात्र हे मऊ करणारं द्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून तो कडक असतो. कडक आहे म्हणजे हलत नाही, असा समज होतो. तिथेच घोटाळा.

उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात हे सातवीत कळतं. का, तर "कण जास्त कंप पावतात म्हणून". हे उत्तर अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं मला फार आवडतं, तेव्हा थोडं थांबतो.

कण आपल्या जागेच्या दोन्ही बाजूंना सारखाच हलत असेल, तर झोका कितीही मोठा झाला तरी त्याची सरासरी जागा तीच राहणार. मग पदार्थ लांबेल कशाला? नुसत्या कंपानं प्रसरण होत नाही. ते होतं झोका एकांगी असल्यामुळे. भिंतीलगत टांगलेला झोपाळा डोळ्यांपुढे आणा आणि भिंतीला जाडजूड गादी टेकवून ठेवलेली. हळू झोके घेतले तर दोन्हीकडे सारखे. जोर वाढवला की भिंतीकडे जाताना गादी अडवते, मोकळ्या बाजूला मात्र झोपाळा खुशाल लांब जातो. आता त्याची सरासरी जागा काढली तर ती भिंतीपासून सरकलेली दिसेल. शेजारच्या दोन अणूंचं हेच आहे. त्यांना जवळ दाबणं फार अवघड, दूर ओढणं त्या मानानं सोपं. ऊर्जेचा आलेख काढला तर विहीर दिसते, पण एक काठ उभा कडा आणि दुसरा उतरता. तापमान वाढलं की कण विहिरीत वर चढतो आणि उतरत्या काठाकडे झुकतो. बंध जितका बळकट तितकी विहीर खोल आणि झुकणं कमी.

पीव्हीसीच्या साखळीत एका कार्बनला पुढच्या कार्बनशी जोडणारा बंध भक्कम असतो, पण एक साखळी दुसरीला धरून असते ती ढिल्या ओढीनं. त्यामुळे तापल्यावर साखळ्या एकमेकींपासून चटकन दूर सरतात. लोखंड एका अंशाला लाखात सुमारे १.२ भाग लांबतं, काँक्रीट साधारण १. (हे दोन आकडे इतके जवळ आहेत म्हणून तर आरसीसी टिकतं. नाहीतर उन्हाळ्यात सळई आणि काँक्रीट यांचं भांडण लागलं असतं.) कडक पीव्हीसी लाखात ५ ते ८. चुनखडीची पूड ते आवरून धरते, म्हणून एसपीसी त्याहून कमी. हिशेबापुरते ४ धरू.

बहिणीचा हॉल गॅलरीच्या दारापासून आतल्या भिंतीपर्यंत ५ मीटर. जानेवारीत पट्ट्या बसवल्या तेव्हा फरशी २० अंश सेल्सिअस असेल. एप्रिलच्या त्या दुपारी मी इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला. दाराशी, जिथे काचेतून थेट ऊन पडत होतं, तिथे ४८. आत सावलीत ३१-३२. सरासरी ३५ धरली तर वाढ १५ अंशांची. ५००० मिलीमीटर गुणिले लाखात ४ गुणिले १५. उत्तर ३ मिलीमीटर.

"फक्त ३ मिलीमीटर?" बहीण म्हणाली. "एवढ्यानं काय होतंय?"

इथे पायथागोरसला बोलवावं लागतं. समजा दोन्ही टोकं भिंतींत घट्ट अडकली आहेत आणि मधली जागा तंबूसारखी वर उचलली गेली. अर्धा पाया २५०० मिलीमीटर. कर्ण, म्हणजे लांबलेल्या पट्टीचा अर्धा भाग, २५०१.५. दोघांच्या वर्गांतला फरक ७५०२, त्याचं वर्गमूळ जवळपास ८७. तीन मिलीमीटरची वाढ आणि उंची साडेआठ सेंटीमीटरहून जास्त! तंबूऐवजी कमानीसारखा गोलवा धरला तरी ७५ मिलीमीटर येतात. जवळजवळ आडव्या कर्णाला किंचित जादा लांबी मिळाली की ती सगळी उंचीत खपते. प्रत्यक्षात पट्टीचं वजन खाली दाबतं, सांधे थोडे सरकतात, सोफ्याखालची बाजू गप्प बसते, म्हणून दोन बोटांवर निभावलं. उन्हाळ्यात रेल्वेचे रूळ वाकडे होतात तेव्हा गणित हेच असतं, फक्त रूळ वर न जाता बाजूला जातात.

ही फरशी "तरंगती" असते. ती खाली चिकटवलेली नसते, पट्ट्या एकमेकींत खाचेनं अडकवलेल्या असतात आणि अख्खी खोलीभर एकच चटई नुसती पसरलेली असते. तिला चहूबाजूंनी ६ ते ८ मिलीमीटर फट लागते. मी स्कर्टिंग काढायला लावलं. आतल्या बाजूला पट्ट्या भिंतीला टेकलेल्या, आणि गॅलरीच्या सरकत्या दाराच्या रुळाशी तर सिलिकॉन भरून पक्क्या केलेल्या. फट दिसायला वाईट दिसते म्हणून मिस्त्रीनं प्रेमानं बुजवली होती. शिवाय टीव्हीचं युनिट स्क्रूनं थेट फरशीत. तरंगत्या फरशीला एक खिळा मारला की तिचं तरंगणं संपतं. ज्या बाजूला मोकळीक उरेल तिकडे सगळी वाढ जाते आणि मोकळीक नसली की वर.

मिस्त्री नाखुशीनं आला. आठ मिलीमीटर कापून काढले, स्क्रू काढले, स्कर्टिंग पुन्हा लावलं, पण फरशीला न चिकटवता फक्त भिंतीला. तासाभरात फुगवटा गेला. "साहेब, एवढी फट मी आयुष्यात सोडली नव्हती," तो म्हणाला. टाइल्सच्या कामात ती सहसा कोणी सोडत नाही, त्यामुळे त्याचंही खरं.

तेव्हा वास्तूवाल्या जाणकारांची दिशा बरोबर होती, दोष पश्चिमेलाच होता. तो दुपारी दोननंतर काचेतून आत येतो. जाड पडदा पुरतो.

आता पट्टी निवडायची कशी, हे लोक मला विचारतात म्हणून थोडक्यात. दुकानदार जाडी सांगतो, ५ मिलीमीटर, ६ मिलीमीटर. टिकाऊपणा त्या जाडीत नाही, वरच्या झिजणाऱ्या थरात आहे. तो "मिल" मध्ये मोजतात आणि मिल म्हणजे मिलीमीटर नव्हे, इंचाचा हजारावा भाग. १२ मिल म्हणजे ०.३ मिलीमीटर, २० मिल म्हणजे ०.५. अमेरिकन माहितीपत्रकं २० चा आग्रह धरतात, कारण तिथे अनेक घरांत बूट घालून वावरतात. फरशी खरवडते ती वाळू. तिच्यातलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्‌स मापनावर ७, आणि प्लॅस्टिक त्यापुढे लोणीच. चपला दाराबाहेर काढणाऱ्या घराला १२ पुष्कळ होतं. आपल्याकडची झीज वेगळी असते: भरलेला गॅसचा सिलिंडर ओढत नेणं, स्टीलच्या खुर्च्या. आणि कुकर किंवा तवा जमिनीवर टेकवायची सवय तर सोडाच. कडक पीव्हीसीसुद्धा ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

दारातलं पायपुसणं रबराच्या तळाचं नको. रबर टिकावं म्हणून त्यात घातलेली रसायनं हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळा-तपकिरी डाग पडतो. तो घासून जात नाही, कारण डाग वर नसतो, आत असतो. कापडी किंवा काथ्याचं पायपुसणं घ्या.

जुन्या फरशीवर बसवणार असाल तर आधी नाणं वाजवत फिरा. पोकळ वाजणारी टाइल पक्की करून घ्या. लांब सरळ पट्टी आडवी ठेवा, तीन मीटरला पाच मिलीमीटरपेक्षा जास्त खळगा दिसला तर तो भरून घ्या. नाहीतर पाय पडताना सांध्याची जीभ, म्हणजे खाचेत अडकणारी कड, वरखाली होते आणि वर्षभरात तुटते. खोकी आणली की दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवायची, टेम्पोतून उतरवली की लगेच बसवायची नाहीत.

आणि मुहूर्त. हो, याला मुहूर्त असतो, तो थर्मामीटरवर दिसतो. अक्षय्य तृतीयेला बसवलेली पट्टी आधीच ताणून लांब झालेली असते. डिसेंबरात ती आखडते आणि सांध्यांत काळ्या रेघा दिसू लागतात. कडाक्याच्या थंडीत बसवली तर आमच्यासारखं पोट. साडेतीन मुहूर्तांपैकी माझं मत दसऱ्याला. पुण्यात तेव्हा पारा साधारण मधोमध असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखी मोकळीक. नागपुरात हिवाळा-उन्हाळ्यातलं अंतर मोठं, तिथे फट आठच्या खाली नको. मुंबईत पारा वर्षभरात फारसा हलत नाही, तिथे एवढी चिंता नाही.

तांब्याचा पिरॅमिड अजून गॅलरीच्या दाराशी आहे, बहिणीनं काढला नाही. तांबं एका अंशाला लाखात १.७ भाग लांबतं. पिरॅमिडचा पाया पाच सेंटीमीटर, पंधरा अंशांना वाढ ०.०१३ मिलीमीटर. त्याच्या चारी बाजूंना जागा भरपूर आहे.