कर्करोग : तातडीचे उपचार

कर्करोगामुळे किंवा त्यावरील उपचारांमुळे अचानक उद्भवलेल्या धोक्यासाठी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात (कॅज्युअल्टी) दिले जाणारे उपचार. ताप, धाप, असह्य वेदना, रक्तस्राव व न थांबणाऱ्या उलट्या ही रुग्णांना तेथे आणणारी नेहमीची कारणे होत.

सर्वांत निकडीची अवस्था म्हणजे केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना येणारा ताप. बहुतेक औषधांनंतर पेशी 7 ते 14 दिवसांनी सर्वांत खाली जातात. तोवर रुग्ण गावी परतलेला असतो. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी दर घन मिमी.ला 500 पेक्षा कमी, आणि ताप एकदा 38.3° से. (101° फॅ.) किंवा तासभर 38° से. असणे ही रूढ व्याख्या. पेशीच नसल्याने पू धरत नाही, छातीच्या एक्स-रेत डागही अनेकदा दिसत नाही. ताप हीच काय ती खूण, आणि घरी घेतलेली पॅरासिटामॉलची गोळी नेमकी तीच पुसते. रक्ताचा नमुना घेऊन पहिले प्रतिजैविक तासाभरात शिरेतून द्यावे, असा संकेत आहे. पूर्वी अशा प्रत्येकाला दाखल करीत. 2000 मध्ये मांडलेल्या मॅस्क गुणांकानुसार (अशा तापातील धोका मोजणारी गुणपद्धती; गुण जास्त तर धोका कमी) 21 वा अधिक गुण मिळालेल्यांना तोंडावाटे औषध देऊन घरी पाठवता येते. मात्र रुग्णाचे घर रुग्णालयापासून तासाभराच्या किंवा 48 किमी.च्या आत असावे, ही अमेरिकी मार्गदर्शिकेतील अट जत तालुक्यातील (जि. सांगली) उमदीसारख्या गावाला मिरजेच्या संदर्भात लागू पडत नाही. तेथील रुग्णाला दाखल करून घेण्याची जुनी रीतच अधिक सयुक्तिक वाटते.

दुसरी तातडीची अवस्था म्हणजे डोके व हातांतील रक्त हृदयाकडे आणणाऱ्या ऊर्ध्व महाशिरेवर येणारा दाब. त्याचे पहिले वर्णन विल्यम हंटर यांनी 1757 मध्ये केले असे मानतात. तो रुग्ण कर्करोगाचा नव्हे, उपदंशजन्य (सिफिलिसमुळे झालेल्या) महारोहिणी-विस्फाराचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला आलेल्या फुगवट्याचा होता. आज फुप्फुसाचा कर्करोग व लसिकार्बुद (लिम्फोमा) ही त्याची मुख्य कारणे. चेहरा सुजताच ‘लाईट’ (किरणोपचार) सुरू करण्याची प्रथा मागे पडली असून, श्वासमार्ग धोक्यात नसल्यास आधी गाठीचा तुकडा तपासतात. मज्जारज्जूवर दाब आल्यास स्टेरॉइड लगेच देतात; उपचार सुरू होताना रुग्ण चालत होता की नाही, यावर पुढचे चालणे बरेचसे ठरते. रक्तातील कॅल्शियम वाढल्याने होणारा बरळपणा घरचे लोक वयाच्या खाती टाकतात.

मिरजेतील मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय 1890 च्या दशकातील (सामान्यतः 1894 हे वर्ष देतात), तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 चे. साताऱ्याच्या दक्षिण भागातील रुग्ण कराडला जातात. अनेकांचे मूळ उपचार मुंबईच्या टाटा रुग्णालयात (स्थापना 1941) झालेले असल्याने कोणती औषधे, कितवा डोस, कोणत्या तारखेला हे रुग्णाच्या पिशवीतील फाईलवरूनच कळते. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून उपलब्ध आहे. अखेरच्या आठवड्यांतील भेटी प्रामुख्याने वेदना व धाप यांसाठी असतात. तोंडावाटे घेण्याचे मॉर्फिन घरी असल्यास त्यांतील काही टळतात.